आईला बसायचं आहे

पत्रक लिहायला शिकवताना आमच्या संघटनेतल्या ताईंनी मला एकच नियम सांगितला होता. मागणी पहिल्या ओळीत. लोक दुसरी ओळ वाचतील याची खात्री नसते. तर मागणी अशी : माझ्या आईला बसायचं आहे.

खुर्ची मागत नाही, पद मागत नाही. नुसतं बसायचं आहे. जमिनीवर, मांडी घालून, विहारात, ग्रंथापुढं, एक अध्याय संपेपर्यंत.

आमचं गाव सिंदी (रेल्वे) पासून थोडं आत आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. निंदणावरून आलेल्या बाया हातपाय धुतात, पांढरं लुगडं नेसतात आणि सतरंजीवर येऊन बसतात. वाचणारी त्यांच्यासमोर, चौरंगावर ग्रंथ ठेवून, तीही खालीच. आमच्या विहारात जमिनीवर सारे सारखे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी दोन-चार प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पण त्या मागं, भिंतीला लागून. त्या खुर्च्यांवर बसणं म्हणजे रिटायर होणं, असं गावात धरलं जातं.

माझी आई सातवी शिकलेली. विहारावर ताडपत्री होती तेव्हापासून तीच वाचते. ती सूर लावत नाही, हात हलवत नाही. कुंपणापलीकडच्या बाईला काहीतरी महत्त्वाचं सांगावं तशी वाचते. भोंग्यातून तिचा आवाज नाल्यापल्याडच्या वावरात जातो. गावात तिला कोणी अमक्याची बायको म्हणत नाहीत, वाचनवाली बाई म्हणतात. एका खेड्यातल्या शेतकरणीला स्वतःची म्हणून ओळख मिळणं किती कठीण असतं ते मी सांगायला नको. तिची ओळख त्या चौरंगापुढच्या हातभर जागेत होती, आणि तिथं बसलं की तिच्या अंगाची आग व्हायची.

दुखणं गर्भपिशवी काढल्यानंतर सुरू झालं. त्याच्यामुळंच झालं का, ते आजही कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. बायांच्या पिशव्या आमच्याकडं किती सहज काढल्या जातात यावर मी वेगळं लिहीन. इथं लिहायला घेतलं तर आई बाजूला राहील, आणि ती आधीच खूप वेळा बाजूला राहिली आहे.

विचारलं की ती म्हणायची, कंबर. आमच्याकडं बाईच्या शरीरात मानेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर एकच अवयव असतो, कंबर. मग कंबरेचा फोटो निघाला, कंबरेचा पट्टा आला, कंबरेला लावायच्या मलमांच्या रिकाम्या ट्यूब चुलीमागच्या कोनाड्यात साचल्या. ज्याने त्याने कंबर तपासली आणि कंबर चांगली आहे म्हणून सांगितलं. एकाने तर वयाचं कारण दिलं. एकाने विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. टेन्शन तर आहेच ना, बाई बसू शकत नाही.

मी वर्ध्यात काम करते, पिपरी मेघेत खोली घेऊन राहते. एकदा आम्ही दोघी सेलूवरून बसनं वर्ध्याला चाललो होतो. बस अर्धी रिकामी. आई खांब धरून उभी. कंडक्टरनं दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, सीट खाली हाय. का उभ्यानं गेल्यावर तिकीट सस्तं भेटते?" सगळी बस हसली. आईही हसली. "बसून बसून कंटाळली, बाप्पा," म्हणाली. पवनारच्या पुलावर बस उसळली तेव्हा तिनं दोन्ही हातांनी खांब आवळला, पण मागची सीट काही घेतली नाही. मी विचारलं, काऊन नाही बसत. कंबर, म्हणाली.

बाबांना बोलता येत नाही. म्हणजे मुके नाहीत, पण ज्या गोष्टीचं वाईट वाटतं त्या गोष्टीबद्दल ते बोलत नाहीत, काहीतरी करून मोकळे होतात. त्या वर्षीच्या पहिल्या वेच्यातला कापूस त्यांनी बाजूला काढला. पांढराशुभ्र, एकही किडकं बोंड नसलेला. तो विकला नाही. सरकी काढून आणली, उन्हाळ्यात सिंदीच्या पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, आणि आईसाठी चौकोनी गादी भरून घेतली. इतकी गच्च आणि इतकी उंच की बाळंतिणीला द्यावी. वर निळ्या फुलांचं कापड, कोपऱ्यांना दोरा घालून शिवलेलं. आषाढ पौर्णिमेच्या दिवशी ते ती गादी काखेत धरून स्वतः विहारात घेऊन गेले. माझे बाबा सहसा बायकोची चप्पलही उचलून सरकवत नाहीत. त्या दिवशी ते गादी घेऊन चालले आणि अख्ख्या गावानं पाहिलं.

आम्ही कापसाची माणसं. ज्याले दुखते त्याले मऊ द्या, एवढंच आमचं वैद्यक. जन्मल्याबरोबर कापसात गुंडाळतात, कान दुखला की कापूस, जखमेवर कापूस, आणि शेवटी नाकात कापूस. बाबांची गादी पाहून शेजारच्या काकूनं उशी आणून दिली. दुसऱ्या एकीनं लेकराची दुलई घडी करून आणली. सगळं कापसाचं. सगळं मायेचं. आणि सगळं चुकीचं.

टोमणाही लगेच आला. पहिल्याच संध्याकाळी आई त्या गादीवर चढली, तर चौरंग खाली आणि ती वर. मागच्या रांगेतून एक म्हातारी बोलली, "का वो, गादीवर बसली तं मूर्तीच्या बरोबरीले आली न तू. आता तुलेच फुलं वाहाव का?" हशा पिकला. आईनं पदर सावरला आणि वंदना सुरू केली.

ती त्या गादीवर रोज बसत राहिली.

त्या काळात मी एका ठिय्या आंदोलनात अडकलेली होते. बऱ्याच दिवसांनी गावी आले तेव्हा संध्याकाळी विहारात जाऊन मागं बसले. काहीतरी बदललेलं होतं पण काय ते आधी कळेना. आवाज तोच होता. मग लक्षात आलं, पानं आई उलटत नव्हती. शेजारची काकू उलटत होती. आईनं अंगठ्याला थुंकी न लावता, कडेवर नुसतं बोट टेकवून पान उलटायचं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आता तिचे दोन्ही हात खाली होते. गादीच्या दोन बाजूंना तळवे जमिनीवर रोवलेले, खांदे वर चढलेले, मनगटाच्या शिरा दिसत होत्या. ती बसलेली नव्हतीच. दोन हातांवर स्वतःला उचलून धरून ती अख्खा अध्याय वाचत होती.

बाहेर आल्यावर काकू मला कौतुकानं म्हणाली, "तुह्या मायनं यंदा मले पानं पलटवाचा मान देल्ला."

मी दुसऱ्याच दिवशी आईला वर्ध्याला नेलं. ती नको म्हणत होती, मी भांडले. भांडायचंच काम करते मी. कोणीतरी एका दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव सांगितलं होतं. मॅडम माझ्याच वयाच्या. त्यांनी आईला बस म्हटलं नाही. म्हणाल्या, "काकू, उभं राहायचं तर उभ्या राहा, झोपायचं तर झोपा." तिथंच मला कळलं की आज काहीतरी वेगळं होणार. मग त्यांनी विचारलं, कुठं दुखतं.

"कंबर," आई म्हणाली.

"कंबर मी पाहिली. ती बरी आहे. जिथं दुखतं तिथलं सांगा."

त्यांनी मला बाहेर जायला खुणावलं. आईनं माझा हात धरला. भिंतीवर गुडघ्याच्या हाडांचं चित्र होतं, मी त्याच्याकडं पाहत राहिले. माझ्याकडं बोट करून आई म्हणाली, "हे पोरगी जिथून आली नं, थे. तिथून मांगपर्यंत. बसली का इस्तवावर बसल्यावानी होते. उभी राह्यली का कमी होते."

इतकी वर्षं. पट्टे, मलमं, फोटो. आणि शेवटी हे वाक्य बाहेर यायला एक तरुण बाई लागली जिनं ते ऐकून घेतलं. मी चौकात उभी राहून भोंग्यावर बोलते, स्त्रियांच्या आरोग्यावर पत्रकं काढते, आणि माझ्या आईला माझ्यासमोर त्या जागेचं नाव घेता येत नव्हतं.

मॅडमनी तपासलं, डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं. मग सांगितलं की त्या भागात एक नस असते, बसलं की ती दाबली जाते आणि अशी आग होते. बराच काळ चालणारं दुखणं आहे. औषध आहे, सावकाशीनं करायचे व्यायाम आहेत, पण पूर्ण बरं होईलच असं वचन देता येत नाही. आणि एक प्रश्न विचारला. मघाशी इथल्या कमोडवर बसल्या होत्या ना, तेव्हा दुखलं का?

आईनं आठवलं आणि तिला हसू फुटलं. "नाई न वो बाई. तिथं नाई दुखलं. मंग काय थो भांडा घेऊन विहारात जाऊ?"

आम्ही तिघी हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसू. मॅडम म्हणाल्या, तेच तर. तिथं भार बुडाच्या दोन हाडांवर येतो आणि मधली जागा मोकळी राहते. तशी बैठक पाहिजे. कडक पाहिजे. मऊ गादीत माणूस रुततो, हाडं खाली जातात आणि मधला कापूस वर येऊन नेमका तिथंच दाबतो.

मला वाटलं आई आता चिडेल, रडेल. तिनं पायात चप्पल सरकवली. मग मला म्हणाली, "हे थ्याईले सांगू नोको."

थ्याईले म्हणजे बाबांना.

मग आमची गादीची खरेदी. औषधाच्या दुकानात रबराची हवा भरायची रिंग मिळाली. दुकानदारानं मूळव्याधीची ना, असं इतकं हळू विचारलं की शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि काळ्या पिशवीत घालून दिली. मी पिशवी तिथंच काऊंटरवर परत ठेवली आणि रिंग उघडी हातात घेऊन बाजारातून चालले. आई माझ्यामागं दहा पावलं. लाजून, की मला एकटीला वेडी ठरू द्यावं म्हणून, ते विचारलं नाही. रिंग कोणाला चालते, कोणाला नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आईला नाही चालली. गोल कडेनं सगळीकडून दाबायची आणि मधलं अंग खाली ओढल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दुकानात मागून खाच असलेली उशी होती. ती माकडहाडासाठी. आईची आग त्याच्या पुढं होती, तिथं उशी भरलेलीच. तिसऱ्या ठिकाणी थंडगार जेलची उशी. तिच्यावर बसल्याबरोबर आईचा चेहरा असा खुलला की मी पाकीट काढलं, पण चहा येईपर्यंत ती उशीही दबली. खोक्यांवर चित्रं पाहिली तर सगळीकडं एकच माणूस, टाय लावून, संगणकापुढं खुर्चीवर. नाहीतर कारमध्ये. मी दुकानदाराला विचारलं, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यासाठी काही आहे का. तो म्हणाला, ताई, जमिनीवर कोन बसते आता?

कोण बसते! या जिल्ह्यात भाजी निवडणारी, विड्या वळणारी, शाळेच्या व्हरांड्यात खिचडी वाढणारी, विहारात, देवळात, धरण्यावर, लग्नाच्या पंगतीत, मयताच्या घरी, सगळी कोण बसते? दुखणं जमिनीवर बसणारीला होतं आणि गादी खुर्चीवाल्यासाठी निघते. मी तिथं एवढं बोलले की आईनंच मला हाताला धरून बाहेर काढलं.

शेवटी माझ्या खोलीजवळच्या सोफे दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. त्याला सांगितलं, सगळ्यात कडक फोम, पुढून मागपर्यंत मधून खाच, जाडी कमी, म्हणजे चौरंगापेक्षा उंच व्हायला नको. त्यानं पहिली खाच बोटभर कापली. आई त्याच्या दुकानात फोमच्या कचऱ्यात मांडी घालून बसली आणि लगेच उठली. खाच वाढवली. पुन्हा बसली. तो कंटाळून म्हणाला की आणखी कापली तर दोन तुकडे होतील. होऊ दे, मी म्हटलं. झाले. मग दोन तुकडे काळ्या रेक्झिननं मढवून खालून एका पातळ फळीवर चिकटवले, मधे नुसती मोकळी गल्ली. आई बसली. सोफेवाला, त्याचं गिऱ्हाईक आणि मी तिच्याकडं पाहत उभे. तिनं हात जमिनीवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. बराच वेळ तशीच बसून राहिली, रस्त्यावरून जाणारी माणसं पाहत.

"बसता येते," म्हणाली.

गावी गेल्यावर बाबांनी त्या काळ्या रेक्झिनच्या, चिरलेल्या, टणक वस्तूला दाबून पाहिलं. फळीवर टिचकी मारली. मग विचारलं, "कापूस नाई चालला?"

"कापूस गरम होते," आई म्हणाली. "सरता भादवा हाये, उकडते."

बाबांनी मान हलवली. कापूस उबदार असतो हे त्यांना ती सांगत होती. ज्या माणसाचं आयुष्य कापसात गेलं त्याला. निळ्या फुलांची गादी त्यांनी उचलून पेटीवर ठेवली, नीट, धूळ लागू नये म्हणून वर धोतर टाकून.

त्या काळ्या गादीवर आईनं काही संध्याकाळी वाचलं. पानं स्वतः उलटली. मी रोज फोन करायचे आणि ती सांगायची, आज अध्याय पुरा झाला. मी संघटनेत सगळ्यांना सांगत सुटले. जिंकल्यावर माणूस सांगत सुटतो.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि आम्ही एकच ऐकली होती. कडक गादी ऐकली. थोड्या-थोड्या वेळानं उठायचं, ते नाही ऐकलं. गादी म्हणजे औषध नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण आमच्याकडं वंदना झाल्यावर अध्याय संपेपर्यंत वाचणारी उठत नाही. कोणी असा नियम केलेला नाही, पण कोणी कधी उठलेलं नाही. आई उठली नाही. आग परत आली, आणि आता झोपल्यावरही जाईना.

मी तडक गावी आले. विहाराच्या समितीपुढं उभी राहिले. माझं भाषण तयार होतं. परंपरा माणसासाठी की माणूस परंपरेसाठी, वगैरे. आईला उभ्यानं वाचू द्या, अशी मागणी. मी पहिलं वाक्य बोलले आणि अध्यक्ष म्हणाले, "हो न बाई, उभ्यानं वाचू दे न. आमी कुठं नाई म्हटलं?" गादीवरून टोमणा मारणारी म्हातारीही म्हणाली, "झोपून वाचू दे, पन तिलेच वाचू दे."

विरोध करायला कोणी नव्हतंच. अशा वेळी काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

शाळेतून उंच टेबल आणलं. आई उभी राहिली, माईक वर घेतला. वाचायला लागली आणि पहिल्याच पानात तिचा आवाज बदलला. मोठा झाला, लांबचा झाला. बाया माना वर करून पाहत होत्या. तिनं तो अध्याय कसाबसा संपवला. घरी येताना म्हणाली, "उभ्यानं भाषन होते वो. वाचन नाई होत. साऱ्या खाली बसून अन् मी अंगावर उभी, मले तं फौजदार झाल्यावानी वाटलं."

मी म्हटलं, सवय होईल. लढल्याशिवाय कसं. मी तिच्यावर ओरडले, खरं सांगते. ती अंगणातल्या खाटेवर कुशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "उद्यापासून तू बस."

"मी?"

"तुले बसता येते."

संघटनेतून सुट्टी घेतली. अश्विन पौर्णिमेपर्यंतचे अध्याय मी वाचले. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आई म्हणाली, "घोषना देऊन राह्यली का तू? हळू वाच. कोनी पळून नाई चाललं." दुसऱ्या दिवशी म्हणाली की पूर्णविरामापाशी थांबत जाजो, तिथं बाया श्वास घेतात. भोंग्याचं तोंड बाबांनी खांबावर चढून आमच्या घराकडं वळवलं होतं. आई खाटेवर डाव्या कुशीवर पडून सगळं ऐकायची. झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे काहीतरी मऊ ठेवलं की ताण कमी होतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. बाबांनी पेटीवरची निळ्या फुलांची गादी काढली. तिथं ती चालली.

शेवटच्या दिवशी विहार भरून गेला. खीर झाली, मेणबत्त्या लागल्या. मी चौरंगापुढं सतरंजीवर बसले, आईच्या जागेवर. अध्याय मोठा होता. अर्ध्यात माझा डावा पाय बधिर झाला, मुंग्या आल्या. मी बसूनच राहिले, न उठता. अध्याय संपल्यावर उठले, पाय झटकला, दोन पावलं लंगडले आणि मुंग्या गेल्या. साधारण माणसाचं एवढंच असतं.

घरी आले तर आई जागीच होती. बाबा खाटेच्या पायाशी बसून होते. मी खिरीची वाटी तिच्या हातात दिली. ती आडवी राहूनच खायला लागली. कसं झालं ते सांगितलं नाही, चूकही काढली नाही. वाटी खाली ठेवल्यावर विचारलं,

"पानं कोन पलटवत होती?"

"मीच," मी म्हटलं.

ती काही वेळ माझ्या हातांकडं पाहत होती. मग म्हणाली, "हं. बराबर." आणि कूस बदलायला लागली. बाबांनी उठून गादी धरली, ती पलीकडं वळेपर्यंत थांबले, आणि परत तिच्या गुडघ्यांच्या मधे ठेवली.